भोगीच्या आधीचा रविवार: शेतकरी आठवडे बाजारातून काय घ्यावं, काय नको?

संत्रानगरीची

नमस्कार मंडळी. मी मूळची नागपूरची, लग्नानंतर पुण्यात, कोथरूडला. माहेरी आई आठवड्याचं सगळं बाजारातून एकदम आणायची, तेव्हा बाजार मला नवा नाही. पण इथे घराजवळच्या मैदानात रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजार भरतो, त्याचं गणित काही मला सुटत नाही.

एका टेबलावर नुसती मेथी, पालक आणि मुळा. शेजारच्या टेबलावर बटाटे, लसूण, ब्रोकोली, लाल-पिवळी सिमला मिरची आणि वर किवीची खोकी. दोन्हीकडे फलक एकच, 'शेतकरी ते थेट ग्राहक'. पुण्याच्या आसपास किवीची बाग कुठे आहे ते मला कुणी तरी सांगा. तिसऱ्या टेबलावर '१००% सेंद्रिय' लिहिलेलं. कशावरून, असं विचारलं तर दादा म्हणाले, "शेणखत घालतो ना ताई!" भाव म्हणाल तर काही वस्तू हातगाडीपेक्षा स्वस्त, काही चांगल्याच महाग. सांभाराची, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीची, जुडी तर दारावरच्या गाडीवाल्याकडे मोठी मिळते.

आता विचारायचं कारण. मंगळवारी भोगी आहे. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांनी फोनवर यादी सांगितली: पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, मटार, गाजर, काटेरी वांगी, बोरं, उसाची कांडकी, मिळाला तर चाकवत. आमच्या घरी संक्रांत जोरात व्हायची, भोगीच्या भाजीचं एवढं प्रस्थ नव्हतं, त्यामुळे पावटा चांगला कसा ओळखायचा इथपासून सुरुवात आहे. यातलं काय त्या बाजारातून घ्यावं? तिथले खरे शेतकरी ओळखायचे कसे? आणि रविवारी आणलेलं मंगळवारपर्यंत टिकेल का? नवरा म्हणतो, ॲपवरून सोमवारी रात्री मागव, दहा मिनिटांत येतं. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

कर्वेरस्ता_पेन्शनर

साडेसातला जा. साडेनऊनंतर वाहन लावायला जागा नसते, आणि साडेनऊनंतर जाणारेच घरी येऊन 'बाजारात काही माल नव्हता' असं लिहितात. सुटे पैसे न्या. यूपीआय चालतं, पण त्या मैदानात रेंज मधूनच जाते आणि तुमच्यामागे रांगेत मी उभा असतो.

काटा शून्यावर आहे ना हे बघून मगच माल ठेवू द्यावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. मी शिक्का बघतो. तिथे मला सगळे ओळखतात, फार आनंदाने नव्हे.

किवीबद्दल मीही एकाला विचारलं होतं. "मित्राच्या शेतातली आहे," म्हणाला. मित्र न्यूझीलंडला असावा.

माळवंवाली

ताई, मी असल्याच एका बाजारात दर रविवारी टेबल लावते. पुरंदर तालुक्यातली आहे. गाव सांगत नाही, नाहीतर पेन्शनर काका काटा बघायला घरी यायचे.

खरा शेतकरी कोण, असं विचारून तुम्हाला उत्तर मिळणार नाही. सगळेच खरे असतात! त्यापेक्षा सरळ विचारा, "यातलं तुमच्या शेतातलं काय आणि बाहेरचं काय?" ज्याचं काही तरी स्वतःचं आहे तो बोट दाखवून सांगतो, हा पावटा आमचा, ही वांगी चुलतदिराची, बटाटा मार्केट यार्डातला. ज्याचं काहीच नाही तो म्हणतो, "सगळं आपलंच आहे, घ्या ना."

आमच्या टेबलावरही बटाटा असतो. आमचा गट आहे, एक टेम्पो, कुणाची मेथी, कुणाची गवार, कुणाचं अंजीर. जागा मिळताना सातबारे, ओळखपत्रं सगळं दिलं होतं. सुरुवातीला आम्ही आपलंच माळवं तेवढं न्यायचो. बायका यायच्या, मेथी हातात घ्यायच्या, विचारायच्या, "बटाटे?" नाहीत म्हटलं की मेथी खाली ठेवून पलीकडं, कारण तिकडं सगळं एका जागी. शेवटी गटानं ठरवलं, शुक्रवारी मार्केट यार्डातून दोन पोती बटाटा आणि थोडा लसूण उचलायचा. शनिवारी यार्ड बंद असतं म्हणून शुक्रवारी. बटाटा आग्र्याचा नाहीतर इंदूरचा, लसूण मध्य प्रदेशातला. विचारलंत तर सांगतो. न विचारता सांगत नाही, हेही खरं. किवीचं मात्र आमच्यानं समर्थन होणार नाही.

या बाजारांमागं सरकारी निर्णय आहे. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे आवाराबाहेर थेट विकायला आडकाठी राहिली नाही. त्याच सुमारास पणन मंडळानं संत सावता माळ्यांच्या नावानं आठवडे बाजाराचं अभियान काढलं. अरणच्या सावतोबांची तसबीर आमच्या टेबलामागं असते. मागं एका लहान मुलीनं विचारलं, "हे तुमचे आजोबा का?" आमचे सासरे, मामा म्हणतो आम्ही त्यांना, ते म्हणाले, "हो, मोठे आजोबा."

आता तुमची यादी.

पावटा डोळे झाकून आमच्यासारख्यांकडनं घ्या, सध्या ऐन भरात आहे. आम्ही शनिवारी दव वाळल्यावरच तोडतो. दवात तोडून पोत्यात कोंडलेली शेंग रात्रीत तापते आणि सकाळी तिच्यावर काळे डाग दिसतात. ताज्या पावट्याला एक तेलकट उग्र वास असतो, तोडणाऱ्याच्या बोटांना दोन-दोन दिवस राहतो, साबणानं जात नाही. शेंग नाकाशी धरा. वासच नसला तर ती शिळी. दाणा बाहेरून टपोरा दिसला पाहिजे, पण शेंग पिवळी पडलेली नको, ती जून.

हरभऱ्याचे सोललेले सोलाणे पिशवीत भरून मिळतात, ते घेऊ नका, डहाळे घ्या. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. उपटताना हाताच्या चिरांत अशी झोंबते की आमच्या आत्या शेतात जाण्याआधी हातांना खोबरेल लावून घेतात. आमच्या आत्या म्हणजे सासूबाई. डहाळ्याला बोट लावून जिभेवर ठेवा. आंबट लागलं तर ताजा. हिरवा दिसावा म्हणून पाणी मारत राहिलेल्या डहाळ्याची आंब धुऊन गेलेली असते, तो दिसतो झक्क आणि लागतो पाणचट.

मटाराच्या भानगडीत आमच्याकडं पडू नका. पुरंदरचा मटार पावसाळ्यातला, ऑगस्ट-सप्टेंबरला या, मग बघा. जानेवारीत पुण्यात येतो तो बहुतेक मध्य प्रदेशाकडचा. थंडीतला असतो, गोड असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. गाडीवाल्याकडनं घ्या. 'आमच्या शेतातला' म्हणून कुणी किलोला वीस रुपये जादा मागितले तर पुढं चला.

गाजराचंही तसंच. लांब लालभडक येतात ती बाहेरच्या राज्यांतली. आमच्याकडची गावरान बुटकी, वाकडीतिकडी असतात, हलव्याला नको, भोगीच्या भाजीला चालतात. वांग्याच्या देठाचे काटे बोटाला टोचले पाहिजेत. काटे मऊ पडले म्हणजे वांगं दोन-तीन दिवसांचं. बोरं बारकी आंबटगोड घ्या, मोठी उमराण भोगीला शोभत नाहीत. बांधावरच्या बोरीची असतात, टेबलाच्या कोपऱ्यात वाटीनं विकतात आणि आठ वाजेपर्यंत संपतात. ऊस एखादा पोरगा कांडकी करून देतो. चाकवत कमीच येतो, दिसला की घ्या, भाव विचारत बसू नका.

यादीत नाही तरी सांगते, अंजीर बघा. सध्याचा खट्टा बहार आहे, उन्हाळ्यातल्या मीठा बहाराएवढा गोड नसतो, पण पुरंदरचं अंजीर म्हणजे अंजीर. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय त्याला. रविवारी घेतलेलं सोमवारी संपवा. फ्रीजमध्ये ठेवून बुधवारी 'पाणी सुटलं' म्हणून फोटो पाठवणारं एक गिऱ्हाईक आहे आमचं.

सेंद्रियाचं: शेणखत तर आम्हीपण घालतो, त्यानं सेंद्रिय होत नाही. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस नावाची पद्धत आहे, त्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. जमीन बदलत्या काळात असेल तर पीजीएस ग्रीन, पूर्ण झाली की पीजीएस ऑरगॅनिक असा दाखला मिळतो. ज्याच्याकडं असतो तो प्लॅस्टिकमध्ये घालून टेबलावरच ठेवतो, मागायची पाळी येत नाही. आमचा गट सेंद्रिय नाही. पावट्यावर शेंगा पोखरणारी अळी पडली की आम्ही फवारतो. आम्हाला विचारायचं ते असं, "शेवटची फवारणी कधी केली आणि तोडा कधी केला?" फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. जो थांबतो त्याला दिवस सांगायला विचार करावा लागत नाही.

आता भाव. सध्या मेथी मातीमोल झालीय. यार्डात पालेभाजी शेकड्यानं विकतात, मागच्या खेपेला शंभर जुड्यांचे ६०० लागले. दोनशे जुड्यांचे १,२००, त्यातनं गाडीभाडं, हमाली, तोलाई गेली की हजाराच्या आत-बाहेर. तीच मेथी बाजारात १५ रुपयांनी. दोनशेतल्या १४० जुड्या बाराच्या आत गेल्या, २,१०० आले. मग दहा रुपयांनी ४० गेल्या, ४००. उरलेल्या २० गाईला. टेम्पोचा वाटा ५०० वजा केला तर राहिले २,०००. दुप्पट झाले म्हणून खूश व्हायचं, पण त्यात पहाटे साडेचारला बोपदेव घाट आहे, माझा आणि जावेचा अख्खा रविवार आहे, आणि पाऊस आला तर सगळं चिखलात. तुम्हाला १५ महाग वाटत असतील तर वाटू द्या, पण पावसाळ्यात यार्डातच शेकडा तीन-चार हजारांवर जातो, तेव्हा आम्ही ठरलेल्या गिऱ्हाइकांना दाराच्या गाडीपेक्षा कमीनं देतो. म्हणून एक टेबल धरून राहा. दर रविवारी वेगळीकडं स्वस्त शोधणाऱ्याला स्वस्त मिळतंही, पण त्याच्यासाठी कुणी चाकवताची जुडी बाजूला काढून ठेवत नाही.

सांभाराचं म्हणाल तर बरोबर आहे. यार्डासाठी जुडी मोठी बांधावी लागते, नाहीतर भाव पडतो. बाजारासाठी आम्ही ती सोडून दोन करतो, कारण निम्म्या घरांत माणसं दोन. लहान जुडीचे पैसे मोठीच्या निम्म्यापेक्षा जास्त पडतात, हेही लिहून टाकते.

मंगळवारपर्यंत सगळं टिकतं, फक्त धुऊन ठेवू नका. पालेभाजी मुळासकट कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. पावटा, हरभरा शेंगेतच राहू द्या, सोमवारी रात्री टीव्हीसमोर बसून सोला. नवऱ्याला बसवा, ॲपचं नाव काढणार नाही परत.

गुलटेकडीचा

माळवंवालीताईंनी छान लिहिलंय, भाव तर अगदी तंतोतंत. आमचं घर तीन पिढ्या यार्डात अडतीच्या धंद्यात आहे, म्हणून एक बाजू मांडतो. या बाजारांचं कौतुक करताना लोक लगेच 'मधले दलाल लुटतात' वर येतात. ताईंनी तसं म्हटलेलं नाही, पण पुढची प्रतिक्रिया तीच असणार.

रविवार हा यार्डातला सगळ्यात मोठ्या आवकेचा दिवस. तुम्ही कोथरूडला मेथी निवडत असता त्याच वेळी तिकडे गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. एक एकर टोमॅटो चालू झाला की दर तोड्याला वीस-वीस किलोचे क्रेट किती निघतात ते ताईंना विचारा. ते किलो-अर्धा किलोनं टेबलावर विकायला बसलं तर पुढचा तोडा झाडावर सडेल. आमच्याकडे दोन तासांत माल खाली होतो आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडते. अडत, म्हणजे आमचं कमिशन, तीही २०१६ पासून शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घेतात. बियाण्याला, लेकीच्या लग्नाला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोण देतं? टेबलावरचं गिऱ्हाईक देत नाही.

वाईट अडते आहेत. ते सांगायला दुसरे पुष्कळ आहेत, मी कशाला सांगू.

आणि ताजेपणाचं म्हणाल तर शनिवारी संध्याकाळी तोडलेली मेथी रविवारी पहाटे यार्डात येते आणि आठला तुमच्या दारावरच्या गाडीवर असते. एकच मेथी आहे ती.

माळवंवाली

दादा, टोमॅटो आम्हीही तुमच्याकडंच पाठवतो, त्याबद्दल वाद नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं शंभरी ओलांडली तेव्हा आमच्या आळीत ज्यांचे पैसे झाले ते यार्डातूनच झाले, टेबलावर नाही.

उचलीचं मात्र अर्धंच सांगितलंत. उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर न्यावा लागतो, भाव काही का लागेना. रविवारच्या टेबलाचा मला खरा उपयोग एवढाच की गल्ल्यात थोडा रोख पैसा राहतो आणि खताची पिशवी आणायला कुणापुढं उभं राहावं लागत नाही. सगळा माल तिथं विकला जात नाही, जाणारही नाही. आमच्या घराचा चौथा हिस्सा जात असेल.

मेथी एकच, हे शंभर टक्के. पावटा एक नाही. गाडीवर येईपर्यंत तो तीन वेळा पोत्यातनं पोत्यात ओतलेला असतो.

कर्वेरस्ता_पेन्शनर

आम्ही मेथी दोन्हीकडून घेतो आणि दोन्हीकडे शिक्का बघतो.

संत्रानगरीची

जाऊन आले! आठला पोचले, साडेसात जमलं नाही. बोरं माझ्या डोळ्यांदेखत संपली, एका आजींनी शेवटच्या दोन वाट्या एकदम पदरात ओतून घेतल्या.

तुमचा प्रश्न तीन टेबलांवर विचारला. पहिल्या ताईंनी बोट दाखवून सांगितलं, वांगी आणि घेवडा घरचा, गाजर बाहेरचं, आणि घेवड्यात कोवळा कुठला तेही निवडून दिलं. दुसऱ्या टेबलावरचा मुलगा लाजला, म्हणाला, "आई सांगेल, ती चहाला गेलीय." किवीवाल्यांनी मला लसूणसुद्धा स्वतःच्या शेतातला असल्याचं सांगितलं, वर त्याच लसणाच्या पोत्यावर दुसऱ्या राज्यातल्या मंडीचं नाव छापलेलं. मी वाचून दाखवलं. "पोतं जुनं आहे," म्हणाले.

हरभऱ्याच्या डहाळ्याला बोट लावून चाखलं तेव्हा शेजारचे काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही चाखलं. पावट्याचा वास पिशवीतून गाडीत आणि गाडीतून घरात आलाय, नवरा खिडक्या उघडून बसलाय. चाकवत मिळाला, एकच जुडी. मटार दारावरच्या गाडीवरून घेतला, भाव सांगत नाही, गुलटेकडीचे दादा खूश होतील.

आता सासूबाईंचा पुन्हा फोन: "भोगीला राळ्याचा भात लागतो, राळे घेतलेस का?" बाजारात कुठे दिसले नाहीत, वाण्याकडे वरी आहे, राळे नाहीत. ॲपवर दिसतायत, पण पाकिटावर इंग्रजीत लिहिलंय 'मिलेट', त्यातलं राळं नेमकं कुठलं?

माळवंवाली

पाकिटावर 'फॉक्सटेल' लिहिलेलं बघा. बारीक, पिवळसर, गोल दाणा, तेच राळे. 'लिटल' आणि 'बार्नयार्ड' लिहिलेली घेऊ नका, ती दुसरी. आमच्याकडं राळे आता कुणी पेरत नाही म्हणून बाजारात नव्हते. धान्याच्या भुसार दुकानदाराला विचारलंत तर एखाद्याकडं सुटे मिळतीलही, पण सुटे घेतले तर खडे बघा, रोळून घ्यावे लागतात. भाताला पाणी दुपटीपेक्षा थोडं जास्त, आधी अर्धा तास भिजवा.

बोरांसाठी पुढच्या वेळी शनिवारी निरोप द्या, कुठल्याही ओळखीच्या टेबलाला. ठेवतात.

गुलटेकडीचा

यार्डाच्या भुसार बाजारात राळे मिळतात. उद्या सोमवार, चालू आहे. सकाळी अकराच्या आत या, नंतर पार्किंगचं पेन्शनर काकांना विचारा.